योगिनीचा दुसरा आकडा

मी एक जुने सेंट्रीफ्यूज आहे. नाव अवघड, पण काम सोपे. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवायच्या, म्हणजे लाल भाग खाली बसतो आणि वर पिवळसर पाणी उरते. तपासणी त्या पाण्याची होते. गंगापूर रोडवरच्या एका छोट्या लॅबमध्ये मी बारा वर्षे फिरत आहे. नवेपणी माझे फार कौतुक झाले. आता माझ्या घरघरीला सगळे वैतागतात.

मित्रांनो, यंत्राला भीती नसते असे तुम्हाला वाटेल. मला मात्र योगिनीच्या नळीची भीती वाटली.

ती दिंडोरीहून सासूबरोबर आली होती. मागच्या वर्षी तिचे बाळ पोटातच गेले होते, आणि आता पुन्हा दिवस गेले होते. गर्भ राहिला की रक्तात एक संप्रेरक वाढू लागते. ते मोजायचे होते. लॅब सांभाळणाऱ्या नाझियाने पाळीची तारीख विचारली. योगिनी तोंड उघडणार तोच सासू, चांगुणाबाई, म्हणाल्या, "छाटणीच्या दिशी आली व्हती. आज पंचेचाळीस दिवस झाले." द्राक्षवाल्यांच्या घरात सगळे दिवस वेलींच्या छाटणीपासूनच मोजतात.

आकडा आला एकशे ऐंशी. सहा आठवड्यांच्या मानाने फारच कमी. योगिनीचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे पण जाईल का ओ ताई?"

नाझियाने डॉक्टरांना फोन लावला. मग म्हणाली, "एका आकड्यावरून कळत नाही. दोन दिवसांत किती वाढतो ते बघायचं. पोटात दुखलं, रक्त गेलं, तर मात्र लगेच दवाखाना गाठा."

ते दोन दिवस माझा जीव टांगणीला लागला होता.

तिसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा नाझियाने तिला एकटीलाच आत घेतले आणि तारीख पुन्हा विचारली.

योगिनी हळूच म्हणाली, "आमचे द्राक्षाचे दोन प्लॉट हायेत. आत्याबाईंनी वरच्या प्लॉटची छाटणी धरली. माझी पाळी खालच्या छाटणीला आली, पंधरा दिवसांनी."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"त्या बोलत व्हत्या ना."

म्हणजे गर्भ सहा नाही, चारच आठवड्यांचा होता; त्या मानाने पहिला आकडा ठीकच होता. मी तिची नवी नळी फिरवली. आकडा आला चारशे दहा.

"दुपटीहून जास्त," नाझिया म्हणाली. "सोनोग्राफी होईपर्यंत खात्री नाही देता येत, पण वाढतोय." तिने चांगुणाबाईंना आत बोलावले आणि सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर लिहायला पुन्हा तारीख विचारली. चांगुणाबाईंनी तोंड उघडले, मिटले, आणि सुनेकडे बघून म्हणाल्या, "तू सांग, बाई."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी अशी घाबरलेली असेल, तर तिच्याबद्दल दुसऱ्याला विचारू नका. तिलाच विचारा, आणि ती बोलेपर्यंत थांबा.