हेमालीची खुर्ची

तिचं खरं नाव नेएमा. मुरुडकडच्या माणसांच्या तोंडात ते बसेना, म्हणून तिची नीमा झाली, आणि ती धर्मभगिनी असल्यामुळे नीमा सिस्टर. टांझानियातल्या मोशी गावात ती वाढली, तिथेच फिजिओथेरपी शिकली आणि सहा वर्षांपूर्वी तिच्या संस्थेने तिला इथे खाडीकाठच्या गावात धाडलं. आठवड्यातले तीन दिवस अपंग मुलं तिच्या भाड्याच्या घराच्या पडवीत यायची. बाकीचे दिवस ती एसटीने, नाहीतर मिनीडोर रिक्षाने गावोगाव जायची.

काम सावकाशीचं होतं. एखाद्या मुलाची आवळलेली मूठ उघडायला अर्धा तास जायचा. आधी नुसतं मनगट धरून बसायचं, मग अंगठा, मग एकेक बोट. जोर लावला की मूठ जास्तच आवळायची. आया शेजारी बसून बघायच्या आणि कधी ना कधी तोच प्रश्न विचारायच्या, "चालेल का हो हा?" आता नीमा त्याला नेमकं उत्तर द्यायची. ते ती हेमालीच्या घरी शिकली होती.

हेमाली गणराजची एकुलती एक मुलगी. गणराज खाडीवर होड्या बांधायचा. जन्माच्या वेळी मुलीच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. सगळं समजायचं तिला, पण शरीर ऐकायचं नाही. चार वर्षांची असताना आई पूनम तिला पहिल्यांदा पडवीत घेऊन आली, तेव्हा गणराजही बरोबर होता. नीमाने तिला हाताने धरून उभं करून पाहिलं. गणराजने विचारलं, "दोन बाजूंना धरायला लाकडी दांड्या करतो. सागाच्या. चालंल ना, सिस्टर?"

नीमा तेव्हा नुकतीच मराठी शिकत होती. इथली माणसं कशालाही 'चालेल' म्हणतात, हे तिला उमगलं होतं आणि तो शब्द वापरायला तिला आवडायचा. ती हसून म्हणाली, "चालेल, चालेल!"

गणराजने डोळे पुसले. नीमाला वाटलं, किती भला माणूस, दांड्या करायला मिळतायत म्हणून एवढा आनंद.

चार-पाच महिन्यांनी गणराजची आई मनुबाई बाजारात कुणाला तरी सांगत होती, "सिस्टर बोलली, आमची पोर चालंल." नीमा मागेच उभी होती. तेव्हा तिला कळलं, त्या दिवशी त्याने काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं. तिने जाऊन ते निस्तरायला हवं होतं. पण गणराज रोज कामावर जाण्याआधी मुलीला तासभर दांड्यांत उभी करत होता, इतक्या नेमाने व्यायाम दुसरं कुठलंच घर करत नव्हतं. नीमाने स्वतःला समजावलं, आशा आहे तर राहू दे. आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्षं गेली.

हेमाली आठ वर्षांची झाली आणि उभं केलं की किंचाळायला लागली. अलिबागला एक्स-रे काढला. डाव्या खुब्याचं हाड वाटीतून सरकत होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता उभं करू नका.

नीमा खाडीवर गेली. अर्धी बांधलेली होडी टेकूंवर उभी होती आणि गणराज फळीला रंधा मारत होता.

"गणराजभाऊ, हेमालीला आता उभं करायचं नाही."

"किती दिवस?"

"कधीच नाही. ती चालणार नाही."

रंधा फिरतच राहिला. "तुमीच बोललात, चालंल."

"मी दांड्यांबद्दल बोलले होते. मला तुमचा प्रश्न समजला नव्हता."

आता तो थांबला. "आनि हे तुमाला आज समजलं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. नीमा म्हणाली, "नाही. त्याच वर्षी समजलं होतं. मी गप्प बसले."

गणराजने रंधा खाली ठेवला. "चार वरसं," तो म्हणाला. "पोर रडायची. मी बोलायचो, रडू दे, सिस्टर बोलल्यात. रडत असली तरी उभी करायचो."

"हो."

"जा तुमी इथून."

ती गेली. त्या आठवड्यात हेमालीला कुणी पडवीत आणलं नाही, पुढच्याही नाही. तिसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी नीमा स्वतःच त्यांच्या घरी गेली. ती पुढच्या दाराने आत आली तसा गणराज मागच्या दाराने बाहेर पडला.

मनुबाई कोयतीने मासळी साफ करत होती. "बाय, तू परत कशाला आलीस?"

"पोरीचं दुखतंय म्हणून."

मनुबाईने मान वर केली नाही. "माझ्या लेकाला देवानं फसवलं, डॉक्टरानं फसवलं, तू पन फसवलंस. पन देव काय माझ्या दारात परत आला न्हाय." तिने हात धुतले. "बस. च्या पी."

नीमाने पूनमला दाखवलं, झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी कशी ठेवायची, कूस कशी बदलायची. दुखणं थोडं उतरलं. मग ती दर गुरुवारी जाऊ लागली. हेमालीला नीट बसवायला हवं, हे तिला दिसत होतं. ती आडवीच जेवायची आणि घासागणिक ठसकायची. संस्थेकडून आलेल्या चाकाच्या खुर्चीतून ती घसरून खाली यायची. तिच्या अंगाच्या मापाची लाकडी खुर्ची हवी होती, आणि ती करू शकेल असा माणूस घरातच होता. पूनमने नवऱ्याला विचारून पाहिलं. तो एवढंच म्हणाला, "खुर्ची केली म्हंजे संपलं सगलं."

जानेवारीतल्या एका गुरुवारी नीमा जरा लवकर पोचली. गणराज अजून घरात होता. पूनम मुलीला मांडीवर आडवी घेऊन भात भरवत होती. नीमा दारात चप्पल काढतेय तोच हेमालीला ठसका लागला आणि तो थांबेना. डोळे वर गेले, ओठ काळेनिळे पडले. पूनम ओरडली. नीमाने धावत जाऊन मुलीला उचललं, पुढे वाकवून पाठीवर थापट्या मारल्या. चौथ्या-पाचव्या थापटीला घास बाहेर पडला आणि हेमालीने मोठ्याने श्वास ओढला.

गणराज भिंतीला टेकून उभा होता.

"बसा," नीमा त्याला म्हणाली. तिच्या आवाजात विनंती नव्हती. "खाली बसा. पाय पुढे."

तो बसला. तिने हेमालीला त्याच्या मांड्यांमध्ये बसवलं, पाठ त्याच्या छातीला टेकवली, कंबर मागे सरकवली, गुडघे वाकवले, त्याचे दोन्ही हात तिच्या काखेखालून घेतले. मान जरा पुढे झुकवली. "आता हलू नका."

मुलीचा श्वास सुरळीत होईपर्यंत सगळे तसेच बसून राहिले. मग पूनमने मऊ भाताचा छोटा घास दिला. हेमालीने तो गिळला. ठसका नाही. दुसरा घास. तिसरा. वाटी संपायला अर्धा तास लागला. गणराजच्या पायाला मुंग्या आल्या असणार, पण त्याने पाय हलवला नाही. मुलीचं डोकं त्याच्या हनुवटीखाली होतं आणि प्रत्येक गिळणं त्याला छातीवर कळत होतं.

वाटी रिकामी झाल्यावर तो म्हणाला, "डाव्या अंगाला कलते ही."

"हो. तिकडे आधार जास्त लागेल."

"माप घ्या."

पहिली खुर्ची फसली. पाठ फार सरळ झाली आणि दोन दिवसांत मणक्यावर लाल वण उठला. गणराजने ती मोडली. दुसरीची पाठ त्याने होडीच्या कुशीसारखी गोलसर तासली, कडेला हात फिरवून फिरवून. नीमा सांगायची, तो करायचा. त्याने तिला माफ केलं की नाही, ते त्याने कधी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. दांड्या मात्र त्याने एका सकाळी उपटून शेजाऱ्याला गुरांच्या गोठ्यासाठी देऊन टाकल्या.

खुर्चीत पहिल्यांदा बसवलं तेव्हा हेमाली घाबरून रडली. आठ वर्षं तिने घर बहुतेक खालूनच पाहिलं होतं. आठवडाभराने ती खुर्चीतून उतरवलं की रडू लागली. पुढे पुढे ती पाव बोटांत धरून तोंडापर्यंत न्यायची. अर्धा खाली पडायचा, मनुबाई उचलायची.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा गणराजने खुर्ची डोक्यावर घेतली, पूनमने मुलीला कडेवर घेतलं आणि नीमा दप्तर घेऊन मागे निघाली. पहिलीच्या वर्गाच्या प्रणालीबाई भल्या होत्या, पण गोंधळल्या होत्या. "इथे दाराशी ठेवूया का? म्हणजे न्यायला-आणायला बरं पडेल. आणि मुलंही बुजणार नाहीत."

नीमाने बोलायला तोंड उघडलं, पण गणराज आधीच आत गेला होता.

"न्हाय बाई," तो म्हणाला. "मदी बसूंदे. मुलं बुजली तर बुजूंदे, होतील सवयीची."

त्याने दोन बाकं सरकवली, त्यांच्यामध्ये खुर्ची मांडली आणि हलवून पाहिली. एक पाय डगमगत होता. खिशातून लाकडाची पातळ चीप काढून त्याने ती पायाखाली सारली, मुलीला बसवलं, पट्टा आवळला. शेजारच्या बाकावरची मुलगी एकटक बघत होती. हेमालीही तिच्याकडे बघत होती.

"हिचं नाव काय?" त्या मुलीने विचारलं.

गणराज सांगणार होता, पण नीमाने त्याच्या दंडाला हलकेच स्पर्श केला. दोघं थांबले. हेमालीचं तोंड वाकडं झालं, मान ताठली, खांदा वर गेला. बराच वेळ लागला.

"हे... मा... ली," ती म्हणाली.