झाडामागचा रॅम्प

“तिथे एक झाड टाका, बाई. चांगलं दाट. एखादी फांदी जरा खाली येऊ द्या.”

साहेबांनी हे सांगितलं त्याला वर्ष होत आलं होतं. पण आज भर दुपारी, स्वतःच्या घरात, तिरक्या टेबलासमोर बसल्या असताना तो आवाज पेन्सिलबाईंच्या कानात जसाच्या तसा उमटला. कारण समोर उभी असलेली शिवणवाली नेमकं त्याच झाडावर बोट ठेवून विचारत होती,

“हे झाड कुठाय?”

जुन्या इमारती दुरुस्त झाल्यावर कशा दिसतील याची चित्रं पेन्सिलबाई हाताने काढत. सत्तावीस वर्षं साहेबांच्या ऑफिसात हेच काम. पेन्सिलबाई हे नावही ऑफिसनेच ठेवलेलं. बाकी सगळे कधीच कॉम्प्युटरवर गेले, तरी हे काम बाईंकडेच राहिलं. त्याचं कारण साहेब उघड सांगत: “कॉम्प्युटरचं चित्र लोकांना जाहिरात वाटतं. हाताचं चित्र पाहिलं की कुणीतरी शब्द दिल्यासारखं वाटतं.” बाईंना ते ऐकून तेव्हा बरं वाटायचं.

शिवणवालीने ते चित्र चटईसारखं गुंडाळून काखेत मारून आणलं होतं. इतके महिने तिच्या इमारतीच्या जिन्याखाली टांगलेलं, एक कोपरा उंदरांनी खाल्लेला.

“झाड गेलं खड्ड्यात. रॅम्प कुठाय? चित्रात एवढा लांबलचक रॅम्प, आणि तिथे पाच पायऱ्या. पाच! मोजा येऊन.”

“कोण गं वहिनी?” आतून नणंदेचा आवाज आला. “दारातूनच भांडत आलंय ते?”

“भांडायलाच आलेय, आजी. तुम्हीपण या. ऐकायला माणूस लागतंच.”

नणंद ओले हात पदराला पुसत आली आणि खरंच ऐकायला बसली.

“ही सही तुमची ना?”

“माझीच.”

“आणि हा कोण?”

रॅम्पच्या मध्यावर चाकांच्या खुर्चीत एक माणूस होता. अंगठ्याएवढा. गळ्यात मफलर, मांडीवर पेपरची घडी, तोंड उन्हाकडे.

बाईंची एक रीत होती. चित्रातली माणसं त्या मनाने काढत नसत. जागा बघायला गेल्या की तिथली दोन-चार माणसं वहीत उतरवून घेत आणि नव्या इमारतीसमोर तीच उभी करत. त्यामुळे उंचीचा अंदाज चुकत नाही आणि चित्राला जीव येतो. हा माणूस त्यांना तळमजल्याच्या खिडकीत दिसला होता. खिडकीच्या आत. त्यांनी त्याला उचलून बाहेर उन्हात ठेवलं होतं.

“दिसला होता कुणीतरी खिडकीत—”

“कुणीतरी नाही. माझा नवरा आहे तो.” शिवणवालीने चित्रावर बोट आपटलं. “दुरुस्तीच्या कागदावर अख्ख्या इमारतीत माझी एकटीची सही राहिली होती. बाजूच्या गल्लीतलं दार बुजवून तिथे दुकान काढणार म्हणाले. त्याच दाराने मी ह्यांना रोज बाहेर काढायची. गल्ली उंचावर आहे, उंबरा जेमतेम वीतभर. फळी टाकली की झालं. मी म्हटलं, जीव जाईल पण सही देणार नाही. मग तुमच्या साहेबाने हे आणून दाखवलं. म्हणाला, बघा, चित्रात तुमचे मिस्टरसुद्धा आहेत. तुमचाच विचार करून काढलंय बाईंनी. ह्यांना असं उन्हात बसलेलं बघितलं आणि… केली सही.”

नणंदेने तोंडावर हात ठेवला.

“काम संपून चार महिने झाले. चार महिने माणूस घराबाहेर नाही. डॉक्टरकडे न्यायचं तर चार जण शोधा, पोत्यासारखं उचला. आता नकोच म्हणतात. दाढीसुद्धा करेनात.”

“मी साहेबांशी बोलते,” बाई म्हणाल्या.

“बोला ना. तुमचं आपसातलं बोलणं गोड असेल.” ती चित्र तिथेच टाकून निघून गेली. दार मात्र तिने हळू लावलं, आणि ते बाईंना जास्त लागलं.

“वहिनी,” नणंद म्हणाली, “तुला माहीत होतं?”

“होतं, वन्सं.”

माहीत नसायला काय झालं होतं? जोतं अडीच फूट. एका फुटाच्या चढाला बारा फूट लांबी लागते, म्हणजे तीस फूट. पुढचं अंगण चौदा फुटांचं. चौथीतलं पोरही हे गणित सोडवील. बाईंनी तेव्हाच म्हटलं होतं, “साहेब, हा रॅम्प रस्त्यावर जातोय.” त्यावर ते झाड आलं. जिथे नकाशा खोटा पडतो तिथे झाड लावायचं, ही या धंद्यातली जुनी खोड. आणि बाईंनी ते नुसतं लावलं नव्हतं. दोन दिवस बसून, पानापानावर ऊन देऊन रंगवलं होतं. शेजारणींना बोलावून दाखवलं होतं. आता त्यांना स्वतःच्या बोटांची किळस आली.

त्यांनी चप्पल पायात सरकवली आणि थेट ऑफिस गाठलं.

“या पेन्सिलबाई! शंभर वर्षं आयुष्य,” साहेब म्हणाले. “एका शाळेचं काम आलंय. तुमच्याशिवाय होणारं नाही.”

बाईंनी त्यांच्या टेबलावर चित्र पसरलं. चहाचा कप बाजूला सारला.

“ह्यातला रॅम्प कुठे गेला?”

“जागाच नव्हती हो.”

“ते तुम्हाला तेव्हाही ठाऊक होतं.”

“तुम्हालाही होतं.” साहेब हसले. “झाड कुणी काढलं?”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचा राग इतरांसारखा नव्हता. तो चढला की आवाज खाली जाई. इतका खाली की समोरच्याला मान पुढे करावी लागे. साहेबांना करावी लागली.

“मी काढलं. ते पाप माझं, मी नाकारत नाही. पण ‘तुमचाच विचार करून काढलंय’ हे त्या बाईला कुणी सांगितलं?”

“लोकांना काहीतरी सांगावंच लागतं. आणि खाली लिहिलेलं आहे की. ‘चित्र काल्पनिक आहे’.”

बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं.

“हे माझं अक्षर नाही. मी सही केली तेव्हा हे नव्हतं. माझ्या सहीखाली तुम्ही लिहिलंत, मला न विचारता.”

“बाई, उगाच मनाला लावून घेऊ नका. चित्र ते चित्र.”

“मग हाताचंच कशाला मागता? काढून घ्या की मशीनकडून. हाताचं चित्र म्हणजे शब्द, हे तुमचंच बोलणं. शब्द माझा घ्यायचा आणि फिरवायचा तुम्ही? गुरुवारी पालिकेचे इंजिनिअर काम पुरं झाल्याच्या दाखल्यासाठी पाहणीला येतायत. त्याआधी ते गल्लीतलं दार उघडा.”

“तिथे दुकान लागलंय आता. भिंत पाडू?”

“पाडा.”

शेजारच्या टेबलांवरची टकटक थांबली. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली.

“शाळेचं काम दुसऱ्या कुणाला देऊ म्हणता?”

“द्या. फक्त त्याला झाडं चांगली जमतात का, तेवढं विचारून घ्या.”

बाई बाहेर आल्या. सत्तावीस वर्षांचं ऑफिस एका वाक्यात मागे पडलं होतं. घरी जावं, डोकं टेकावं असं मनात आलं, आणि त्या विचाराचाच त्यांना राग आला. त्या इमारतीकडे वळल्या.

पाच पायऱ्या. गुळगुळीत, चकचकीत, धरायला कठडा नाही. गल्लीत दाराच्या जागी दुकानाचं शटर, आणि भोवती नव्या गिलाव्याचा पट्टा. शिवणवालीने दार उघडलं तेव्हा तिच्या दातांत सुई होती. ती बाजूला झाली.

खिडकीपाशी खुर्चीत तो बसला होता. दाढी वाढलेली, मफलर तोच.

“या,” तो म्हणाला. “मला बाहेर काढणाऱ्या तुम्हीच ना? मफलर झकास जमलाय हो. पाय तेवढे जाड काढलेत. एवढे असते तर चालत नसतो गेलो?”

“माझं चुकलं. मी—”

“ते राहू द्या. मला एक सांगा. जे नाही ते तुम्हाला इतकं छान काढता येतं. जे आहे ते येतं का?”

“आधी तेच शिकले होते,” त्या म्हणाल्या.

“मग काढा. पायऱ्या, बुजवलेलं दार, आणि मी जिथे आहे तिथे. गुरुवारी ते इंजिनिअर आले की ही बोलायला जाणार, आणि रडणार. रडणाऱ्या बाईचं कोण ऐकतं?”

“मी रडत नाही,” शिवणवाली सुई काढून म्हणाली. “मी ओरडते.”

“तेच ते. त्याचंही कोण ऐकतं?”

“काढते,” बाई म्हणाल्या. “इंचाइंचाचं माप घालून. जुनं दार कुठे होतं तेही दाखवते. माझ्या वहीत ते आहे. बुधवारी तुमच्या हातात देते, सहीसकट.”

“सहीसकट?” शिवणवालीने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. “आणि साहेबांनी काम बंद केलं तर?”

“केलंय.”

शिवणवालीने खुर्चीवरचे कपडे उचलून त्यांना बसायला जागा केली.

दुसऱ्या दिवशी नीट उजाडलंही नव्हतं. बाईंनी देवापुढे हात जोडले, मागितलं काही नाही. पिशवीत वही, खडू आणि मोजपट्टी घालून त्या हळूच कडी काढू लागल्या.

“एकटीच?” अंधारातून नणंद म्हणाली. ती कधीची केस विंचरून, पातळ नेसून तयार बसली होती.

“झोपा हो, वन्सं. मापं घेऊन येते.”

“आणि पट्टीचं दुसरं टोक कोण धरणार? तुझे साहेब?”

बाईंनी दार धरून ठेवलं. त्यांची इमारत अजून झोपेत होती. कुणाची झोपमोड नको म्हणून दोघींनी चपला हातात घेतल्या आणि एकमेकींच्या आधाराने जिना उतरायला लागल्या.