बिनखताचा वाफा

माझ्या लेकीचं, प्रांजलीचं, लग्न जयनगरात झालं ते २०२२ सालच्या श्रावणात; आमच्याकडे श्रावणात लग्नं लागतात. लग्नाच्या चौथ्या दिवशी मी हेब्बाळला शेती संशोधन केंद्रातल्या भाताच्या वाफ्यांवर परतलो. तिथं तीस वर्षं मी पाणी द्यायचं काम केलं. त्याच बांधावर बसवून तिथल्या संशोधक जयतीर्थ सरांनी मला पन्नाशीत अक्षरं शिकवली, वाफ्यांच्या पाट्या वाचता याव्यात म्हणून.

सर एकच गोष्ट तपासत होते. भात उशिरा लावलं की लोंब्या येताना रात्री गारठा असतो, पहाटे दव पडतं, आणि करपा धरतो. त्यात युरिया जास्त पडला तर रोग आवरत नाही. देवनहळ्ळीकडे तळी उशिरा भरतात, तिथल्यांना लवकर लावणी जमतच नाही. निदान युरिया टाकताना हात आखडता घेतला तर त्यांचं भात वाचेल, हे सरांना दाखवायचं होतं. दोन वर्षं तसंच निघालं होतं. तिसरं वर्ष हवं होतं, कारण नंतर ती जमीन इमारतीला जाणार होती.

उशिराच्या लावणीतला बिनखताचा वाफा पिवळा पडला होता. शेजारचे हिरवेगार. निंदणी करणारी क्षमाक्का हसून म्हणाली, "काय अण्णा, पोरीच्या पंगतीत वैऱ्यालासुद्धा आग्रह केलास. ह्या लेकरानं काय पाप केलं? घाल की स्वल्प!"

"सरांचा वाफा आहे तो."

"सर जेवूनच येतात ना घरून?"

मी पाटी वाचली. 'युरिया नाही' असं लिहिलं होतं. दुपारी ती गेल्यावर दोन ओंजळी युरिया टाकला. आठवड्यानं परत दोन. वाफा हिरवा झाला तेव्हा मला बरं वाटलं.

कार्तिकात पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके आले, मधे राखाडी, कडेला तपकिरी. मग लोंब्या मानेतून काळ्या पडल्या. दाणा भरलाच नाही.

सरांनी वाकून लोंब्या बघितल्या. "अण्णा, पाटी वाचताना चूक झाली का? दुसरा वाफा समजून टाकलात?"

"नाही सर. बरोबर वाचली होती."

"मग?"

"उपाशी दिसला."

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. त्या वर्षाच्या सगळ्या आकड्यांवर त्यांनी रेघ मारली. दोन वर्षांवर सल्ला देता येत नाही, म्हणून शेतकऱ्यांसाठीचा कागद छापलाच नाही. सरांनी दुसरीकडे वाफे मागितले. मिळाले नाहीत.

पुढच्या साली देवनहळ्ळीला माझा भाचा सुमंत उशिराच्या लावणीत युरियाची गोणी रिकामी करत होता. मी अडवलं.

"कुठं लिहिलंय मामा?" तो म्हणाला. "दाखवा की. आता वाचता येतं ना तुम्हाला?"

दाखवायला कागद नव्हता. त्याच्याही लोंब्या मानेतून काळ्या पडल्या.

जयतीर्थ सर २०२४ च्या १९ जानेवारीला वारले, तो कागद न छापताच.