ओल्या कपाळावरचं कुंकू

मित्रांनो, मी काही फार जुना नाही. तीन वर्षांचं एक तैलचित्र आहे. पण अंगावर डाग पडले की चित्रही लवकर म्हातारं होतं.

मला काढलं सर्जेराव पेंटरांनी. गुलमंडीतल्या दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचा जन्म गेला. पुढे फ्लेक्स आले आणि ब्रश माळ्यावर पडले. मग त्यांच्या बायकोने, वच्छलाबाईंनी, अंथरूण धरलं. डॉक्टरांनी महिन्याची मुदत सांगितली. सर्जेरावांनी ब्रश खाली काढले, बाईंना खिडकीशी बसवलं आणि बारा दिवसांत मला पुरं केलं. मांडीवर हात, मान खाली, नजर कुठेतरी लांब. अगदी हुबेहूब! मला तर भारीच अभिमान वाटला.

वच्छलाबाई बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "लई उदास काढलं वो मला."

"हायेस तशी काढली," सर्जेराव म्हणाले आणि ब्रश धुवायला गेले.

पाटी रंगवली की दुसऱ्या दिवशी वॉर्निश मारायचं, ही त्यांच्या हाताची सवय. जित्याची खोड! मलाही दुसऱ्याच दिवशी वॉर्निश चढलं. पाटीचा रंग एका रात्रीत वाळतो, तैलरंगाला महिनोनमहिने लागतात. वरून मी चकचकीत दिसत होतो, पण आतून ओलाच.

वच्छलाबाई गेल्या. त्यांचा धड फोटो नव्हता, म्हणून तेराव्याला मलाच पाटावर ठेवून हार घातला. नवऱ्याआधी गेलेली सवाष्ण ती. प्रत्येक बाईने बोट दाबून माझ्या कपाळी कुंकू लावलं. ते रंगात रुतून बसलं.

पाहुणे गेल्यावर सर्जेरावांनी ते पाहिलं. "वाटोळं केलं चित्राचं!" असं ओरडून ते टर्पेंटाइनमध्ये बुडवलेलं फडकं घेऊन आले. मुलगी सायलीने त्यांचा हात धरला.

"अण्णा, आई अहेव गेली. तुमच्या हातानं तिचं कुंकू पुसता व्हय?"

फडकं खाली पडलं. सर्जेराव माझ्यासमोर बसले आणि पहिल्यांदा रडले.

मित्रांनो, चित्रांना जपा, ओल्या रंगाला बोट लावू नका. पण त्याआधी, घरात कुणी मान खाली घालून बसलं असेल तर जवळ जाऊन विचारा. सर्जेराव बारा दिवस तो चेहरा बघत होते, पण एकदाही विचारलं नाही. आता रोज सकाळी माझ्यापुढे उभे राहून विचारतात, "मनात काय होतं गं तुझ्या?"

मी हुबेहूब आहे खरा, पण ते मलाही ठाऊक नाही.