पालथे तळहात

व्यंगचित्रकाराने खिडकी अर्धी लोटून घेतली आणि फटीतून पुन्हा खाली पाहिलं. फाटकापाशी चाळीसेक माणसं उभी होती. कुणी ओरडत नव्हतं. आजचा अंक प्रत्येकाच्या हातात होता. चित्रात आपल्याच प्रवचनात डुलकी घेणारा प्रवचनकार, आणि श्रोत्यांना गप्प बसवणारे त्याचे पालथे तळहात. त्या पंथात तळहात तसे पालथे फक्त मयतापाशी, प्रार्थनेत धरतात, हे त्याला सकाळी फोनवरच्या शिव्यांमधून कळलं.

संपादकांनी माफीनामा लिहून पुढ्यात ठेवला होता. यापुढे धर्मावर चित्र काढणार नाही, असं त्यात शेवटी होतं. सही नाही केली तर नोकरी जाणार. संपादक माणूस वाईट नव्हता, पण त्यांची पाचावर धारण बसली होती.

तेवढ्यात मुद्रितं तपासणाऱ्या मावशी कुणाला न विचारता खाली गेल्या. साऱ्या कचेरीच्या त्या मावशी. वीस वर्षं त्याचं प्रत्येक चित्र, खालच्या ओळीसकट, त्यांच्या नजरेखालून जात होतं. फाटकावरचे निम्मे लोक त्यांच्याच प्रार्थनाघरातले होते.

त्या काय बोलल्या ते पहारेकऱ्याने वर येऊन सांगितलं. हातांची चूक याच्याकडून अजाणता झाली, म्हणाल्या. मला ती दिसली होती आणि मी मूग गिळून बसले, तेव्हा रागवायचं तर माझ्यावर रागवा. उद्या दुरुस्ती छापू. पण प्रवचनात डुलकी लागते हे ज्याला खोटं वाटतं, त्याने पुढे यावं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. गर्दीतले मावशींचे थोरले दीर मात्र हसले नाहीत. त्यांच्याशी एक शब्द न बोलता ते निघून गेले. मग हळूहळू फाटक मोकळं झालं.

वर येऊन मावशींनी माफीनामा उचलला, लाल पेनने सगळा खोडला आणि खाली एकच ओळ लिहिली : चूक हातांची होती, डुलकीची नाही. संपादकांनी मुकाट्याने तीच छापायला धाडली.

व्यंगचित्रकाराला भरून आलं होतं, आणि थोडा रागही आला होता.

“मावशी, तुम्हाला खरंच दिसलं होतं?”

“दिसलं की. लागलंही. गेल्या वर्षी यांच्या उशाशी तसेच पालथे तळहात धरले होते मी.”

“मग बोलला का नाहीत? एका शब्दात बदललं असतं मी.”

“बदललं असतंस. आणि पुढचं काढण्याआधी माझ्या तोंडाकडे बघितलं असतंस.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “हे गेल्यापासून घरात मला हसवणारं कुणी नाही रे. मला विचारून काढलेल्या चित्राला मी हसू कशी?”

त्याने डोळे पुसले, खुर्ची फिरवली, आणि मावशींकडे पाठ करून उद्याचं चित्र काढायला बसला.