सोमाजीच्या नखातला गूळ

मी देवाला थुंकताना पाहिलं आहे. तुम्ही विश्वास ठेवणार नाही. बंटीच्या चहाटपरीवर एकानंही ठेवला नाही. तरी तिथं सांगितलं तसंच सांगतो.

गेल्या साली आमच्या गावच्या धानावर तुडतुडा पडला. भाताच्या बांध्याच्या बांध्या विस्तव लावल्यासारख्या करपल्या. टिकारामच्या दुकानातून पोत्यापोत्यानं युरिया आणून ओतायचा, आणि किडा आला की बोंबलायचं! पण दोष कोणावर? चंद्रभागाबाईवर. विधवा बाई, दुसऱ्यांच्या बांध्यांत धानाची रोपं लावायची, त्या रोवणीवर पोट.

"जेथं तिचा हात लागला, तेथंच किडा आला," टिकाराम सांगत फिरला. अरे, साऱ्या गावाची रोवणी तिनंच तर केली होती!

"देवालेच इचारू," ठरलं. तलावाच्या पाळीवर आमचा देव. त्याच्या दोन्ही खांद्यांवर ओले दाणे चिकटवायचे. उजवा आधी पडला तर बाई निर्दोष. डावा पडला तर यंदा तिला कोणी रोवणीला बोलवायचं नाही.

चंद्रभागाबाईनं हात जोडले. "देवा, मालक नेला, आता हातचं कामबी नेतं का? माहं काय चुकलं, येवढं तं सांग."

पुजारी सोमाजीनं डावा दाणा पाण्यानं लावला. उजवा गुळानं! नखात दडवून आणला होता हरामखोरानं. टिकारामचा कोंबडा आदल्या दिवशीच त्याच्या पोटात गेला होता. देवापुढं नासके नारळ, झुरळं, त्यात ती चिकट बोटं.

डावा पडला. "पडला, पडला!" लोक नाचलेच.

इथं मी टपरीवर आवाज चढवला, "आन् मंग गुळाले मुंग्या लागल्या ना बापा! देवाच्या काखेत शिरल्या. देव खाजवत उठला, सोमाजीच्या तोंडावर पचकन थुकला. म्हणे, 'किडा युरियानं आला बे! बाईले काहून छळून राहिले?'"

सारे खदखदून हसले. बाकड्याच्या टोकाला बसलेली चंद्रभागाबाई तेवढी हसली नाही. अड्याळ गावाकडं जाणाऱ्या जीपची वाट पाहत होती. यंदा तिकडं, परक्या बांध्यांत रोवणीला जाते.

"बाबूलालभाऊ, गूळ तुमाले तवाच दिसला होता?" तिनं मला विचारलं.

"दिसला म्हंजे... समोरच तं बसलो होतो मी."

"मंग खोटं कायले सांगता?" तिनं पिशवी उचलली. "देव नाही उठला. आन् तुमीबी नाही उठले."