फ्रीझरची पूजा

माझ्या नवऱ्याला, उल्हासला, वायरी जोडायचं भारी वेड. दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात फायली सरकवणारा इंजिनियर, हौस भागवणार कुठे? घरात! मी महाराष्ट्र मंडळाच्या श्रीखंडाची ऑर्डर घेतली तेव्हा त्यानंच करोल बागेतून जुना, पेटीसारखा डीप फ्रीझर आणून मागच्या बाल्कनीत ठेवला. त्यात श्रीखंडाचा दगड झाला असता, म्हणून बाहेरून कंट्रोलर लावला. फ्रीझरचा प्लग कंट्रोलरच्या डबीत, डबीची तापमान मोजणारी बारीक वायर फ्रीझरच्या आत. आत चार डिग्री झालं की डबी वीज तोडणार.

"झाकण सारखं उघडू नकोस," त्यानं बजावलं. "आणि ही ऑर्डर फसली तर फ्रीझर विकायचा. तुझं हे खूळ बिल्कुल बंद."

मी हो म्हटलं. लग्न होऊन मयूर विहारात आल्यापासून माझं स्वतःचं म्हणावं असं हे पहिलंच काम होतं. ते जमलं तर मंडळाचे सगळे सण माझ्याकडे येणार होते.

पाडव्याला सकाळी सासूबाईंनी फ्रीझरची पूजा केली. घरात नवं यंत्र आलं की त्यांना राहवतच नाही. झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आत श्रीखंडाच्या डब्यांवर नारळ ठेवला, डबीवर झेंडूची माळ घातली. झाकणात अडकणारी ती वायर मात्र काढून बाहेर नीट गुंडाळून ठेवली. मी दिवसभर पाहुण्यांत. झाकण उघडलं नाही, सांगितलंच होतं ना तसं! माळेखाली झाकलेला डबीवरचा तापमानाचा आकडाही दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाला डबे न्यायला झाकण उघडलं, तर श्रीखंडाचा दगड झालेला. चमचा आत शिरेना. वायर बाल्कनीतल्या उन्हात पडलेली, डबीला वाटत राहिलं की आत उकडतंय, आणि फ्रीझर रात्रभर चालूच. श्रीखंड वितळवलं तर पाणी वेगळं, कण वेगळे. मंडळानं बाजारातून मागवलं.

सासूबाई हमसून हमसून रडल्या. "वृंदा, माझ्यामुळे झालं गं सगळं. यंत्राचा गळा आवळल्यासारखी दिसत होती ती वायर." मी त्यांना जवळ घेतलं. उल्हास शेजारी बसून चहा पीत होता.

संध्याकाळी फ्रीझर घ्यायला गिऱ्हाईक दारात. इतक्या लवकर?

"मॅडम, यही वाला है ना?" त्यानं मोबाईल पुढे केला. विक्रीच्या जाहिरातीतल्या फोटोत आमचाच फ्रीझर, वर पाडव्याची ताजी फुलं. माळ बाजूला सारलेली, वायर बाहेर, आणि डबीवर लाल अक्षरांत चौतीस.

"हा फोटो कधी काढलास?"

"काल दुपारी," उल्हास म्हणाला. "बघत होतो, तुझ्या लक्षात येतंय का."

"अरे, वायर आत टाकायला एक हात लागला असता! आणि आईंना दिवसभर रडू दिलंस?"

"धंदा करायचा तर लक्ष लागतं, यार. आता कळलं ना?"

सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांच्याकडे न बघता उल्हासनं ओला फडका आणला आणि झाकणावरचं स्वस्तिक घासून पुसायला लागला.

"गिऱ्हाइकाला स्वच्छ लागतं," तो म्हणाला.